रोमचा पाषाणकवी

रोम शहरात पियात्सा नाव्होना या प्रशस्त चौकाच्या पाठीमागे, ब्रास्की वाड्याच्या कोपऱ्याला टेकून, एक भग्न पुतळा उभा आहे. त्याला हात नाहीत, पायांची थोटकेच उरली आहेत, नाक झिजून मुखावरील भावही लोपला आहे. तरीही खांद्यावरून वळविलेल्या त्या मस्तकाची ऐट पाहिली म्हणजे मूळ शिल्पी सामान्य नव्हता, हे जाणत्याच्या ध्यानी येते. ही मृत पात्रोक्लसाचा देह सावरणाऱ्या मेनेलाउस या ग्रीक पुराणकथेतील वीराची प्रतिमा होय, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. रोमच्या रहिवाशांना या पांडित्याशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांनी त्याला पास्क्विनो म्हणावे, आणि रात्री त्याच्या अंगावर निनावी कविता डकवून पसार व्हावे, हा शिरस्ता पोपांच्या अमदानीत शतकानुशतके चालला.

गंमत अशी की, या उद्धट प्रथेचा पाया एका कार्डिनलनेच घातला. ओलिव्हिएरो काराफा याने १५०१ साली हा पुतळा चौथऱ्यावर बसविला, आणि दरवर्षी २५ एप्रिलला, संत मार्कच्या सणाच्या दिवशी, त्याला एखाद्या पौराणिक दैवताचा वेष चढवून त्याच्यावर लॅटिन पद्ये चिकटविण्याचा उत्सव कार्डिनलच्या आश्रयाने सुरू झाला. १५१० साली तो हर्क्युलिस झाला. १५१३ साली, म्हणजे विद्यारसिक दहावा लिओ पोपच्या गादीवर आला त्या वर्षी, अपोलो झाला. पद्ये रचणारे पंडित आणि त्यांचे विद्यार्थी. मात्सोक्की नावाच्या मुद्रकाने १५०९ पासून त्यांचे संग्रह छापले. स्तुती उदंड आणि गोडी बेताची, असेच या दरबारी काव्याविषयी म्हणावे लागते.

परंतु जागा मोक्याची होती. आसपास पुस्तकविक्रेत्यांची दुकाने, आणि समोरून नव्या पोपच्या मिरवणुकीचा रस्ता. तेव्हा विद्यार्थ्यांच्या श्लोकांशेजारी दुसरीच पद्ये दिसू लागली, लॅटिनऐवजी बाजारातली इटालियन आली आणि स्तुतीची जागा निर्भर्त्सनेने घेतली, यात नवल नाही. निनावी कवितेची एक अडचण असते: तिला धनी नसल्यामुळे वाटेवरच्या अनोळखी माणसाने तिच्यावर भरवसा तरी का ठेवावा? पास्क्विनोने तिला असा धनी मिळवून दिला की, ज्याला कोणी कोतवाल कैद करू शकत नव्हता आणि ज्याच्या नावे काहीही खपत होते.

१५२१ मध्ये लिओ वारला आणि नव्या पोपची निवड चालू असता पिएत्रो आरेतिनो या कवीने पास्क्विनोच्या मुखाने उमेदवार कार्डिनलांची अशी काही रेवडी उडविली की, निवडणूक बंद दाराआड असूनही तिची चव्हाट्यावर चर्चा झाली. निवडून आलेल्या सहाव्या एड्रियनने चिडून पुतळा टायबर नदीत बुडविण्याचा हुकूम देण्याचे मनात आणले. तेव्हा, बुडविल्यास तो बेडकासारखा तळातूनही डरावेल, असे एका राजदूताने दरबारात सुनावले, अशी आख्यायिका आहे. पुतळा राहिला.

नदीत गेला तो दुसराच पुतळा. १५५९ साली पोप चौथा पॉल वारला, तेव्हा त्याच्या कडक अंमलाला विटलेल्या जमावाने कॅपिटोल टेकडीवरील त्याची प्रतिमा फोडली, तिचे मस्तक रस्त्यांतून फरफटत नेले आणि शेवटी टायबरमध्ये फेकले. हा पॉल काराफा घराण्यातलाच, पास्क्विनोला चौथऱ्यावर बसविणाऱ्या ओलिव्हिएरोचा आप्त! आणि याच पोपविरुद्ध पद्ये रचल्याच्या गुन्ह्यावरून निकोलो फ्रांको या कवीला, जो एके काळी आरेतिनोचा लेखनिक होता, १५७० मध्ये फाशी दिले गेले. पाषाणाला जामीन ठेवून कवीला सदैव सुटता येत होते, असे समजण्याचे कारण नाही.

पुढे पास्क्विनोला मार्फोरिओ हा जोडीदार लाभला. ही एका जलदेवतेची पहुडलेली मूर्ती. एकाच्या अंगावर प्रश्न लागावा आणि दुसऱ्याच्या अंगावर त्याचे उत्तर, अशी रीत पडली. त्यामुळे वाचकाला कवितेचा उत्तरार्ध गाठण्यासाठी शहरातून चालत जावे लागे, आणि वाटेत तो पूर्वार्ध कोणाकोणाला सांगत जाई, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चतुर कलम वाटते. मार्फोरिओला पुढे कॅपिटोलवरील संग्रहालयाच्या चौकात नेऊन बसविले, आणि संवाद संपला.

१८७० मध्ये पोपची ऐहिक सत्ता गेली व पास्क्विनोला विषयांचा तोटा पडला. १९३८ साली हिटलरच्या स्वागतासाठी शहर सजविले गेले, तेव्हा मात्र त्याने पुन्हा तोंड उघडले. २००९-१० च्या सुमारास त्याची डागडुजी झाली, आणि आता कागद त्याच्या अंगाला न लावता शेजारच्या फलकावर लावण्याचा दंडक आहे. शिल्पाच्या संरक्षणासाठी तो रास्तच. मात्र फलकावरील पद्याचा गुन्हा पास्क्विनोच्या नावे नोंदवावा की फलकाच्या, याचा निवाडा अद्याप कोणी केलेला नाही.