बंदीने बदललेले ताल : आफ्रिकी ढोलाचा अमेरिकेतील प्रवास

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सुमारे सव्वा कोटी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबण्यात आले. वाद्ये बहुधा मागे राहिली. पण ती घडविण्याची विद्या आणि ताल त्यांच्यासोबत गेले. पुढे त्या तालांना कोणते रूप मिळाले, हे बऱ्याच अंशी तेथील कायद्यांनी ठरविले.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबासारख्या भाषांत स्वराच्या चढउतारांनी शब्दाचा अर्थ बदलतो. ते चढउतार ढोलावर उमटवून तेथे संदेश देता येत. ढोलाच्या याच सामर्थ्याचे मळेवाल्यांना भय वाटे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवीत उठाव केला. १७४० च्या कायद्याने तेथील गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्यास मनाई झाली. मग टाळ्या, पावलांचे ठेके आणि मांड्या-छातीवरील थापा यांनी ढोलाची जागा घेतली.

स्पॅनिश अमलाखालील क्यूबात आफ्रिकी वंशगटांच्या ‘काबिल्दो’ या मंडळांना मर्यादित मोकळीक होती. त्यामुळे योरुबांचे ‘बाता’ ढोल धर्मविधींत टिकून राहिले. इया, इतोतेले आणि ओकोंकोलो अशी या त्रयीची नावे आहेत. मांडीवर आडवे धरून दोन्ही तोंडांवर वाजविले जाणारे हे ढोल पखवाजाचे स्मरण करून देतात. बंदरांतील कष्टकऱ्यांनी मासळी व मेणबत्त्यांच्या रिकाम्या खोक्यांवर रुम्बाचे ताल धरले; त्यातून ‘काहोन’ हे वाद्य घडले.

ब्रिटिश त्रिनिदादमध्ये १८८१ च्या कॅनबुले दंगलीनंतर, १८८४ मध्ये, ढोलवादनावर निर्बंध आले. लोकांनी निरनिराळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ‘टॅम्बू बांबू’ हा वाद्यप्रकार रूढ केला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांबूची जागा पत्र्याच्या डब्यांनी घेतली; पुढच्या दशकात तेलाची पिंपे आली. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा आणि त्यावर स्वतंत्र स्वरांचे भाग पाडायचे, या कौशल्यातून ‘स्टीलपॅन’ सिद्ध झाले. केवळ ताल धरणाऱ्या डब्यांतून आता सुरावटही निघू लागली.

आरंभीच्या स्टीलपॅन वादकांकडे गुंड म्हणून पाहिले जाई. १९५१ मध्ये मात्र त्यांतीलच निवडक वादकांचे पथक लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजविण्यास गेले. १९९२ मध्ये स्टीलपॅनला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला, तर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा ‘जागतिक स्टीलपॅन दिन’ म्हणून घोषित केला.