रानांतील वाटाड्या

घनदाट अरण्यांत शिरणाऱ्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न शस्त्राचा नसून वाटेचा असतो. आपण आहों कोठें आणि परत जावयाचें कसें, हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्याची बंदूक कितीही उत्तम असली तरी ती व्यर्थ होय. खानदेशच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाला निरनिराळीं उत्तरें मिळालीं. आणि प्रत्येक उत्तराबरोबर रान कोणाचें, या वादाचें स्वरूपही पालटत गेलें.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला. दुसऱ्याच वर्षीं, २८ एप्रिल १८१९ रोजीं, मद्रास इलाख्याच्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असतां, खानदेशच्या दक्षिण सीमेलगत वाघूर नदीच्या खोऱ्यांत, अजिंठ्याच्या लेण्यांपाशीं येऊन पोंचला. एका गुराखी पोरानें त्याला वाट दाखविली, अशी आख्यायिका आहे. स्मिथनें दहाव्या लेण्यांतील खांबावर आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. वाट दाखविणाऱ्याचें नांव मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

वाटाड्याची खरी किंमत ओळखली ती जेम्स औट्रम यानें. इंग्रजी अंमल बसला तरी सातपुडा व सातमाळा येथील भिल्ल त्यास वश झाले नव्हते. एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार १८२५ सालीं भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे सोंपविण्यांत आलें. धरणगांव हें तिचें ठाणें झालें. औट्रम भिल्लांच्या पाड्यांवर जाई, त्यांच्याबरोबर शिकार करी आणि त्यांनीं काढलेल्या मागावर आपला जीव सोंपवी. १८२५ ते १८३४ या काळांत १९१ वाघांच्या शिकारींत तो हजर होता, असा हिशेब त्याच्या चरित्रांत दिलेला आहे. हा आंकडा साहेबाच्या शौर्याचा म्हणून सांगितला जातो. परंतु ठसा ताजा कीं शिळा, कोणत्या नाल्यास वैशाखांतही पाणी असतें, हें ज्यांस ठाऊक होतें त्यांच्या विद्येचाही तो आंकडा आहे. या सहवासांतून जो भरवसा उत्पन्न झाला त्यावर पलटण उभी राहिली, आणि पलटणीच्या बळावर डोंगर ताब्यांत आले. पुढें १८७८ च्या वन कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं. तेव्हां ज्यांच्या डोळ्यांनीं साहेबांनीं रान पाहिलें, त्यांचेच वंशज आपल्या वहिवाटीच्या जमिनीवर अतिक्रमण करणारे ठरले.

शिकारीचा तो काळ आतां सरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाची शिकार बंद झाली, व १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचे परवानेही संपले. नेमक्या याच सुमारास वाटाड्याचें काम करणारें नवें साधन जगांत आलें, तें म्हणजे हातांत मावणारें जीपीएस यंत्र. होकायंत्र दिशा दाखवितें, पण आपण कोठें उभे आहों हें त्यास सांगतां येत नाहीं. हें यंत्र सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकतें आणि ते येण्यास लागलेल्या वेळावरून प्रत्येकाचें अंतर काढतें. तीन उपग्रहांवरून स्थान ठरतें. यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाची चूक काढण्यास चौथा लागतो. ही योजना अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य लोकांसाठींच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळण्याची तिची प्रथा मे २००० मध्यें बंद झाली, आणि तेव्हांपासून हें साधन खऱ्या अर्थानें रानांत उपयोगी पडूं लागलें.

परदेशांतील शिकारी असें यंत्र परतीची वाट चुकूं नये म्हणून निवडतो. खानदेशांत त्याची निवड याहून मोठ्या जोखमीची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, आदिवासींचा हक्क मान्य केला. आणि त्या जमिनींची मोजणी याच यंत्रानें होऊं लागली. उघड्या आकाशाखालीं साध्या यंत्राची चूक तीन ते पांच मीटर असते. झाडीखालीं व अरुंद दऱ्यांत ती वाढते. वाट शोधणाऱ्यास एवढी चूक जाणवतही नाहीं. पण वीस मीटर रुंद व शंभर मीटर लांब अशा तुकड्याची एक लांब बाजू पांच मीटर आंत सरकली, तर सुमारें वीस गुंठ्यांतले पांच गुंठे कागदावरून नाहींसे होतात.

म्हणून यंत्र घेतांना त्याच्या रंगीत नकाशांस भुलूं नये. अनेक देशांचे उपग्रह तें ऐकतें काय, बांधाच्या कोपऱ्यावर कांहीं मिनिटें स्थिर ठेवून अनेक नोंदींची सरासरी काढतां येते काय, आणि त्याच्या बॅटऱ्या तालुक्याच्या बाजारांत मिळतात काय, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. मोजणीस काळही पाहावा. उन्हाळ्यांत सागाचीं पानें गळून आकाश मोकळें होतें. पावसाळ्यांत भिजलेलीं दाट पानें उपग्रहांचा क्षीण संदेश अडवितात.

इतकी काळजी घेतली तरी यंत्र हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. कायद्याच्या नियमांतही हें मान्य आहे : गांवांतील वडीलधाऱ्यांचें लेखी निवेदन, शेताची ताल, जुने बांध हे सर्व पुरावे होत, आणि उपग्रहाचें चित्र किंवा तत्सम तंत्र त्यांस पूरक असावें, त्यांची जागा त्यानें घेऊं नये, असें २०१२ च्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें. अजिंठ्याच्या वाटाड्याचें नांव कोणीं विचारलें नव्हतें. आतां सातपुड्यांतील म्हाताऱ्यानें सांगितलेली हद्द त्याच्या नांवानिशीं कागदावर उतरते. यंत्राचा आंकडा आणि त्याचा शब्द यांत अंतर पडलें, तर मोजणारानें पुन्हां एकदां त्याच्या मागोमाग बांधावरून चालून पाहावें, हें उचित होय.