मनाचे दुखणे आणि ‘कारण’ नावाचा रकाना

जबलपूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाधारचे तुषार उभे राहतात. इतिहासाची थोडीफार आवड असलेल्यांना ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन आठवतो. मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवते, ती ही की १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती जाण्यापूर्वी हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. परंतु याच शहरात एके काळी वेड्यांचे इस्पितळ होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शहरे आपल्या किल्ल्यांचा अभिमान बाळगतात. अशा वास्तूंचा विसर पडलेलाच त्यांना बरा वाटतो.

१८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विस्तीर्ण प्रांताला वेड्यांची दोन इस्पितळे होती. एक १८६४ पासूनचे नागपूरचे आणि दुसरे जबलपूरचे. त्यांना इस्पितळ म्हणावयाचे ते केवळ सौजन्य म्हणून. १८५८ च्या कायद्यान्वये भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा मनुष्य पोलिसांनी धरावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा, डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि आत पाठवावा, अशी रीत होती. देखरेख सिव्हिल सर्जनकडे. त्याच्या डोक्यावर दवाखान्याची इतर कामेही असावयाची. रोग्याला बागेत, मागावर किंवा चक्कीवर काम मिळे, जेवण मिळे, अंगावर कपडा मिळे. त्याच्याशी बसून बोलणे हे मात्र कोणाच्याच कामात मोडत नव्हते.

तरीही त्या दप्तरांत एक रकाना असे: वेडाचे कारण. प्रत्येक रोग्यापुढे तो भरणे भाग होते. भरावयाचा कोणी? रोग्याला घेऊन येणाऱ्या शिपायाला त्याचे घर ठाऊक नसे, दार ठाऊक नसे. मग बिचारा सोपे उत्तर देई: गांजा. मध्यप्रांतात खांडव्याकडे गांजाची लागवड होतच होती. तेव्हा हे उत्तर कोणाला खोटेही वाटत नसे. वर्षामागून वर्षे हे आकडे सरकारी अहवालांतून छापले गेले आणि गांजाने हिंदुस्थानातील इस्पितळे भरली आहेत, असा समज थेट लंडनपर्यंत जाऊन पोहोचला.

१८९३ साली सरकारने यासाठी एक कमिशन नेमले. त्याने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इस्पितळांच्या नोंदींवर विसंबून न राहता १८९२ सालच्या रोग्यांच्या गावी, त्यांच्या नातलगांकडे चौकशी करविली. तेव्हा निराळेच चित्र दिसले. त्या वर्षी देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी अवघ्या ९८ जणांच्या बाबतीत गांजा, भांग वा चरस यांच्याशी वेडाचा संबंध जोडता येत होता. बाकीच्यांचे कारण कागदावर होते त्याहून वेगळे होते, किंवा ते कोणी विचारलेलेच नव्हते. मला हा प्रसंग मोठा बोलका वाटतो. कमिशन नेमले होते अबकारी धोरणासाठी, रोग्यांच्या कळवळ्याने नव्हे. पण त्याच्या हातून एक चांगले काम घडले. या माणसाचे काय झाले होते, हे त्याच्या घरच्यांना विचारले गेले.

पुढे जबलपूरचे ते इस्पितळ राहिले नाही, नागपूरचे राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. त्या नव्या राज्याच्या वाट्याला आली ग्वाल्हेर आणि इंदूर येथील संस्थानी काळातील मनोरुग्णालये, दोन्ही जबलपूरपासून दूर. सरहद्दीची रेघ नकाशावर ओढली जाते. तिचा काच एखाद्या आजारी मुलाला घेऊन आगगाडीत बसलेल्या आईला सोसावा लागतो. १९५५ साली जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि मानसोपचाराची सोय साध्या रुग्णालयातच होण्याची वाट मोकळी झाली. शैक्षणिक मानसशास्त्र व मार्गदर्शन यांना वाहिलेले एक सरकारी महाविद्यालयही या शहरात उभे राहिले.

हे सारे झाले वेडाविषयी. पण श्रोतेहो, वेडा नसलेल्या माणसाचे काय? पत्नी गेल्यावर ज्याचे कशातच मन लागत नाही, परीक्षेच्या नावानेच ज्या मुलाच्या हातांना कंप सुटतो, ज्या सुनेला विनाकारण रडू येते, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात? अशी माणसे नर्मदेच्या घाटावर जात, कीर्तनाला बसत, परिक्रमेला निघत. कोणी गुनियाकडून झाडफूक करवून घेई. यांतील प्रत्येक गोष्टीला हसावे असे मला वाटत नाही. दुःखिताला घराबाहेर काढणे, चार माणसांत बसविणे, त्याचे ऐकणे, एवढे तरी त्यांत होतेच. उणीव होती ती निराळी. ऐकणारा लवकरच उपदेशाकडे वळे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढे म्हणून मोकळा होई. शिवाय सांगितलेली गोष्ट गावभर होण्याचे भय होतेच.

केवळ बोलण्याने दुखणे हलके होते, या अनुभवाला शास्त्राचे रूप देण्याचा प्रयत्न व्हिएन्नात झाला. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा उन्मादावरील ग्रंथ १८९५ सालचा. म्हणजे आपल्या गांजा कमिशनच्या अहवालाच्या अगदी मागोमागचा. १९२२ साली कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, आणि १९३३ साली तेथील एका साध्या रुग्णालयात मानसिक रोग्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. तेथे यावयाचे ते आपल्या पायांनी, पोलिसाच्या हाताने नव्हे. मुंबईत १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघाले. आणि मराठीत बोलणारा मानसोपचार घरोघर नेण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत किशोर फडके यांचे नाव टाळता येणार नाही. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्याशी १९६८ पासून सुमारे तीन तपे त्यांचा पत्रव्यवहार चालला, आणि एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मराठीत आणली.

या पद्धतीचे मर्म जबलपूरच्याच उदाहरणाने सांगतो. २२ मे १९९७ च्या पहाटे या शहराला भूकंपाचा जबरदस्त धक्का बसला. घरे कोसळली, माणसे दगावली. समजा, गन कॅरेज फॅक्टरीतला एखादा कामगार त्यानंतर कित्येक महिने छपराखाली झोपू शकत नाही. भूकंप तर केव्हाच थांबला. मग भीती का थांबत नाही? एलिस सांगतात की, घटना आणि भावना यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट बसलेली असते, ती म्हणजे आपली समजूत. ‘पुन्हा धक्का बसेल’ हा विचार खोटा नाही. ‘तो आजच बसेल, आणि मला क्षणाचीही बेफिकिरी परवडणार नाही’, ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी असते. उपचार करणारा ती तपासतो, पण रोग्याच्याच तोंडून. आणि मग त्याला आज ओसरीवर, उद्या उंबऱ्याच्या आत, परवा दिवा मालवून, असा पायरीपायरीने घरात आणतो. शोकाच्या बाबतीत अशी घाई करून चालत नाही. तेथे समजूत खोडण्यापेक्षा शेजारी बसणे अधिक मोलाचे. आणि काही दुखण्यांना औषध लागते, तेथे नुसत्या बोलण्यावर भिस्त ठेवणे हा अपराधच होय.

कायदाही हळूहळू बदलला. १९१२ च्या कायद्याच्या नावात ‘वेड’ होते. १९८७ च्या कायद्यात ‘मानसिक आरोग्य’ आले. २०१७ च्या कायद्याने तर आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याची काळजी घ्यावी, अशी जबाबदारी सरकारवर टाकली. ज्याला पूर्वी शिपाई धरीत असे, त्याला आता आधार द्यावयाचा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलिमानस’ नावाची दूरध्वनीसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. जबलपुरातल्या कोणा मराठी घरातून रात्री-बेरात्री हा क्रमांक फिरविला, तर पलीकडचा माणूस प्रथम विचारतो तो प्रश्न साधा असतो: काय झाले आहे?