व्यापाऱ्याची परभाषा

बेगम बाजारात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्या मराठी घरांना व्यापारासाठी परभाषा शिकण्याचे नवल वाटू नये. मुसीच्या उत्तर तीरावरील या पेठेत उर्दू, तेलुगू, मारवाडी, गुजराती आणि मराठी एकाच ओट्यावर ऐकू येतात. सुक्यामेव्याच्या दुकानात बदाम, पिस्ता, किसमिस, जर्दाळू ही नावे फारशी. माल तोलायचा तो तराजूही फारशी. जमा, खर्च, बाकी, वसूल, दलाल हे वहीतले शब्द मुळात अरबी. मोडी ओळीत ते असे मुरले की त्यांना परके म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही.

मात्र हे शिक्षण व्याकरणाच्या पोथीतून झाले नाही. मालाबरोबर शब्द आला, उधारीबरोबर वाक्य आले.

येथे ‘राज्यव्यवहारकोशा’चे स्मरण होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे आलेले हे कार्य. हेतू अर्थातच उलटा, फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा. परंतु त्याची रचना पाहावी: राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशी कामानुसार प्रकरणे आणि त्यांत व्यापाराचा पण्यवर्ग स्वतंत्र. कोणाला कोणता शब्द कोठे लागतो, हा विचार तेथे आधी झालेला दिसतो. जॉन मन्बी यांनी १९७८ च्या ग्रंथात अभ्यासक्रम आखण्यापूर्वी शिकणारा कोणाशी, कोठे, कशासाठी बोलणार याचा तपशील मांडावा, असे सुचविले. विल्यम केरी यांनीही १८०५ च्या मराठी व्याकरणास संवाद जोडले होते, कारण नियम पाठ करून बाजारहाट होत नाही.

आमच्या हैदराबादेत १९५८ साली स्थापन झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था १९७२ मध्ये परकीय भाषांकडे वळली आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. म्हणजे विद्येची उणीव शहरात नाही. उणीव आहे ती दुकानाकडून अभ्यासक्रमाकडे जाणाऱ्या वाटेची. सरकारी सेवेत आम्ही भाषेच्या परीक्षा पाहिल्या. टिपणीचे भाषांतर निर्दोष करणारा उमेदवार समोरच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे समजताना गोंधळे!

चीनहून माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलास चिनी शिकवायची, तर पहिल्या महिन्यात कविता नको. आकडे ऐकून लिहिणे, वजन-माप, दर, तारीख, सूट, बिजक वाचणे, आणि माल कमी भरला तर भांडण न करता तक्रार सांगणे, एवढे पुरे. वाक्ये आम्ही-तुम्ही घरी बसून रचू नयेत. पेढीवरचे जुने मुनीम आहेत तोवर त्यांच्याजवळ दोन-चार दिवस बसावे, सौदा कसा उघडतो आणि कोणत्या शब्दावर मिटतो हे टिपावे, मग ते शिक्षकाच्या हाती द्यावे. मुनीमांच्या वह्या मोडीत असतील. त्या वाचणारे आपल्याच घरांतून शोधावे लागतील.