अरुणा शानबाग: एका वैद्यकीय भाकिताची ४२ वर्षे (थ्रेड)

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. जीव वाचला, शुद्ध परतेल का, हे सांगणार कसे?

ते शास्त्र तेव्हा नुकतेच घडत होते. डोळे उघडे पण जाणीव नाही, या अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव जेनेट आणि प्लम यांनी १९७२ मध्येच दिले होते. डोळे, वाचा आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजणारी ग्लासगो मोजपट्टी आली १९७४ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर. मुदती तर १९९४ मध्ये ठरल्या: डोक्याला मार लागला असल्यास १२ महिने, प्राणवायूअभावी इजा झाली असल्यास अवघे ३. त्यापुढे शुद्ध परतणे अतिदुर्मीळ.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या ३ डॉक्टरांनी अरुणा यांना तपासले. या अवस्थेचे बहुतेक निकष जुळले. रुग्णालयाचा अनुभव मात्र निराळा होता: मासळी किंवा कोंबडीचे सूप मिळाले की त्या हसतात. (निकषांच्या भाषेत हे हसू प्रतिक्षिप्त ठरते, रोज भरवणाऱ्या परिचारिकांना ते पटणे कठीणच.)

७ मार्चला न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला तत्त्वतः मान्यता दिली, पण अरुणा यांच्यासाठी केलेली याचिका फेटाळली आणि परिचारिकांच्या शुश्रूषेची मनापासून प्रशंसा केली.

शुद्धीविषयीचे भाकीत चुकले नाही. आयुष्य किती, हे मात्र कोणतीही मोजपट्टी सांगत नव्हती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले, त्याच केईएममध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी.