‘पानिपत’ : एका स्थलनामाचा अर्थविस्तार

मराठीत हानीवाचक शब्दांची उणीव नाही. परंतु त्यांच्या अर्थांत तारतम्य आहे. ‘नुकसान’ म्हटले की पाठोपाठ ‘भरपाई’ संभवते. ‘पानिपत’ हा शब्द मात्र, ज्या हानीस भरपाई नाही तिचा वाचक होय. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीकडून मराठ्यांचा जेथे पराभव झाला, त्या गावाचे नाव सामान्यनाम बनले आणि ‘होणे’ व ‘करणे’ या क्रियापदांशी जोडले गेले. ज्याची हानी झाली तो षष्ठीत येतो : निवडणुकीत पक्षाचे पानिपत होते. ‘विश्वास पानिपतातच गेला’ ही लोकोक्ती विश्वासरावांच्या मृत्यूवर श्लेष साधून सुचविते की, गेलेला विश्वास परत येत नाही.

या अर्थास इतिहासाची साक्ष कितपत मिळते? पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावचा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. केडगावच्या वायव्येस, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे मस्तानीची कबर आहे. तिचा पुत्र समशेर बहादूर पानिपतावर जखमी होऊन पुढे डीग येथे मरण पावला. केडगावच्या पश्चिमेस थेऊर. तेथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे निवर्तले. १७६१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी पेशवाई हाती घेतली. १७६३ मध्ये राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव झाला. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. म्हणजे दहा वर्षांत सत्तेची हानी बव्हंशी भरून निघाली. किंबहुना माधवरावांचा अकालमृत्यू मराठी राज्यास पानिपताहून कमी घातक नव्हता, असा ग्रँट डफचा १८२६ मधील अभिप्राय आहे.

तर मग शब्द खोटा ठरतो काय? राज्यापुरता तो खोटा आहे, माणसांपुरता नव्हे. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव व समशेर बहादूर परतले नाहीत. त्या धक्क्यानंतर नानासाहेबही २३ जून १७६१ रोजी गेले. दिल्ली परत मिळाली, माणसे मिळाली नाहीत. शब्दातील ‘भरपाई नाही’ हा अर्थ मुळात घराघरांतील या शोकाचा असावा. तो पुढे राजकीय पराजयास लागला. म्हणूनच ‘पानिपत’ झालेला पक्ष पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभा राहतो, तेव्हा शब्दाचा रूढ अर्थ ढळतो. पानिपतोत्तर राज्याचा इतिहास मात्र तसाच घडलेला असतो.