घाटात ब्रेकला ताकद कोण देतं?



शहाडच्या पुलावरून मुरबाडकडे जाणारी वाहनं आपण रोज बघतो. भाजीचे टेम्पो, जीपगाड्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या. त्यातल्या कितीतरी माळशेज चढून ओतूर, आळेफाट्याकडे जातात आणि तोच घाट उतरून परत येतात. आपल्या गटांच्या बायका माल घेऊन, देवदर्शनाला, माहेरी याच गाड्यांतून जातात. उतार लागला की काही चालक इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडतात. डिझेल वाचतं म्हणतात. आम्ही हे पाहिलंय, तुम्हीही पाहिलं असेल. “दादा, इंजिन चालू ठेवा,” असं म्हटलं तर “ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?” असं उत्तर मिळतं. म्हणून आज ते कळून घेऊ.

शहाडच्या त्या पुलाखालून कसाऱ्याची रेल्वे जाते. आपली गोष्ट रेल्वेपासूनच सुरू होते. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ साली आली. पुढे बोरघाट १८६३ मध्ये आणि कसाऱ्याचा थळघाट १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्ही घाटांत सगळ्यात कडक चढ ३७ फुटांना १ फूट. चढायला जादा इंजिन लावता येतं. खरी भीती उतरण्याची. त्या काळी गार्ड आणि ब्रेकवाले डब्याडब्यांवर हाताने चाकं फिरवून ब्रेक आवळायचे. सगळ्या गाडीला एकदम लागणारा ब्रेक हवा होता.

त्यावर उपाय निघाला तो हवेचाच. गरम भाजी डब्यात भरून झाकण लावलं आणि डबा गार झाला, की झाकण उघडता उघडत नाही. आत हवेचा दाब कमी झालेला असतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. आपल्या भोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जोराने दाबत असते. आतून तिला तोंड देणारी हवा असते तोवर ते जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा कामाला लागते. यालाच मेकॅनिक व्हॅक्यूम म्हणतात.

रेल्वेच्या पहिल्या साध्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये इंजिन नळीतून हवा ओढायचं आणि त्या ओढीने डब्यांचे ब्रेक लागायचे. त्यातला धोका १८८९ च्या जूनमध्ये आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ दिसला. सहलीला निघालेल्या मुलांची गाडी चढावर अडली. ती पुढे नेण्यासाठी मागचे डबे सोडवले. डबे सुटले, नळी तुटली आणि त्याबरोबर त्यांचा व्हॅक्यूमचा ब्रेकही गेला. डबे उतारावरून मागे घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत बरीच मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला, की प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक हवाच. या नव्या ब्रेकची रीत उलटी. नळीत व्हॅक्यूम आहे तोवर ब्रेक सुटलेला. नळी तुटली, हवा आत शिरली, की ब्रेक लागलाच. आपल्याकडेही रेल्वेवर हाच ब्रेक अनेक दशकं चालला. पूर्वी डब्यातली साखळी ओढली की याच नळीत हवा शिरायची. आता रेल्वेवर दाबाच्या हवेचे ब्रेक आले आहेत, एसटीला आणि मोठ्या ट्रकलाही तेच असतात.

मोटारगाडीत व्हॅक्यूम आला तो मदतनीस म्हणून. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र या इंजिनिअरने १९२७ मध्ये असा ब्रेक तयार केला, आणि १९२८ मध्ये अमेरिकेत पिअर्स-ॲरो गाड्यांना व्हॅक्यूमची मदत बसवली गेली. आपल्याकडे तो सर्रास दिसायला फार वर्षं लागली. कुर्ल्याला बनलेली जुनी काळी-पिवळी पद्मिनी आठवा. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि जोर सगळा चालकाच्या पायाचा.

या मदतनिसाला बूस्टर म्हणतात. बॉनेट उघडलं की चालकाच्या समोरच्या बाजूला ताटलीएवढा गोल, बहुतेक वेळा काळा, पत्र्याचा डबा दिसतो, तोच. आत मधोमध रबरी पडदा असतो. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो, म्हणून पडदा जागचा हलत नाही. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा सोडली जाते आणि ती पडद्याला पुढे रेटते. पडदा नऊ इंचांचा धरला तर हा रेटा सहज अडीचशे किलोंच्या पुढे जातो. म्हणून तर सडपातळ बाईसुद्धा भरलेली जीप एका पायाने थांबवू शकते.

हा व्हॅक्यूम येतो कुठून? पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती जवळजवळ मिटते, पण दट्टे हवा ओढतच राहतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे आयता व्हॅक्यूम तयार होतो. तिथून एक नळी बूस्टरला जोडली की झालं. डिझेलच्या इंजिनाचं तसं नाही. तिथे हवा मोकळी आत येते आणि जोर कमी-जास्त होतो तो डिझेल किती सोडलं त्यावर. आयता व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लावतात. तो इंजिनावरच फिरतो, कित्येक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला. आपल्या कल्याणजवळच्या कारखान्यात १९९० नंतरच्या दशकात प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांनी मिळून प्यूजो ३०९ ही गाडी काढली होती. कारखाना फार दिवस टिकला नाही, ती गोष्ट वेगळी. पण गाडी पेट्रोलमध्येही होती आणि डिझेलमध्येही. बाहेरून सारखी, ब्रेकला बळ देण्याची सोय मात्र दोन तऱ्हांची.

पेट्रोल असो की डिझेल, बळ इंजिन फिरण्यातून येतं. इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरतो. मग पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, कारण पायापासून पुढची जोडणी शाबूत असते, पण कितीतरी पट जोर लावावा लागतो. माळशेजच्या वळणावर, भरल्या गाडीत, तेवढा वेळ कुठे मिळतो? रेल्वेचा ब्रेक व्हॅक्यूम गेला की आपणहून लागतो, मोटारीचा लागत नाही, हे चालकांनाही सांगायला हवं. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाची अटकही जाते आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर पडतो. जुने चालक ज्या गिअरमध्ये घाट चढले त्याच गिअरमध्ये उतरायचे, ते उगाच नव्हे.

गाडी ठरवताना एक तपासणी चालकाकडून करून घ्या. पाच मिनिटंही लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायला सांगा. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. ते हललंच नाही, किंवा पेडल दाबल्यावर पायाशी सतत फुस्स असा आवाज येत राहिला, तर पडदा, नळी किंवा पंप बिघडलेला असू शकतो. ती गाडी आधी गॅरेजला जाऊ द्या आणि तुम्ही दुसरी बघा.